इफ्तारच्या आधी चार फेऱ्या

संध्याकाळी पावणेसहाला मी मैदानावर बुटाच्या नाड्या बांधत असतो, तेव्हा रोज कुणीतरी विचारतंच, "रोजा आहे ना? मग पळताय कशाला?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते. पहाटेपासून घोटभर पाणीसुद्धा प्यायलं नाही आणि हा माणूस पळतो, म्हणजे याला काही झालं तर काय, अशी ती काळजी. मी सांगतो, "पळतो कसला, रांगतोय." ते हसतात, मीही हसतो आणि हळूहळू पहिली फेरी सुरू करतो.

पण प्रश्न सरळ आहे आणि त्याचं उत्तरही सरळ द्यायला हवं. रमजानच्या पुरवणीत दरवर्षी सब्र, जकात, इफ्तारचे पदार्थ यांवर लिहिलं जातं. यंदा मी माझ्या पोटावर लिहिणार आहे. चेष्टा नाही, खरंच पोटावर.

गेल्या वर्षीच्या ईदची सकाळ. अंघोळ झाली, अत्तर लावलं, आदल्या ईदला शिवलेला कुर्ता काढला. गळ्यापाशी बटण लागलं, छातीवर लागलं, पोटावर लागेना. श्वास आत ओढून लावलं आणि ईदगाहवर पहिल्या सजद्यात ते तुटून शेजारच्याच्या चटईवर गेलं. नमाज संपल्यावर त्याने ते माझ्या हातात ठेवलं आणि गळाभेट घेतली. काही बोलला नाही. महिनाभर रोजे करून मी तीन किलोने वाढलो होतो.

रोजे न करणाऱ्या माझ्या मित्रांना हे खरं वाटत नाही. तीस दिवस उपाशी राहणारा माणूस बारीक व्हायला हवा, असा त्यांचा हिशेब. पण ज्या घरात रोजे होतात, त्या घराला हे गुपित ठाऊक आहे. सूर्य मावळला की खजूर तोंडात जातो, मग सरबत, मग भजी, मग समोसे, मग शेजारून आलेलं ताट, मग नमाज, मग खरं जेवण. तरावीहची लांब नमाज झाली की परत येताना कबाब किंवा फिरनी. मध्यरात्री झोप, पहाटे सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं जेवण, आणि लगेच पुन्हा झोप. दिवसा अंगात जोर नाही म्हणून चालणंसुद्धा बंद. जेवणाची वेळ बदलली, पोटात जाणारं काही कमी झालं नाही. उलट तळलेलं आणि गोड वाढलं, हालचाल घटली. नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन उपवास करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

ईदनंतर आठवड्याने रक्त तपासलं. वय सत्तेचाळीस, वजन ब्याण्णव किलो, कंबर एकशे चार सेंटिमीटर, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ६.२. हा आकडा ५.७ पासून ६.४ पर्यंत असला की त्याला मधुमेहाचा उंबरठा म्हणतात, ६.५ झाला की माणूस घरात आला. डॉक्टरांनी टेप दाखवली आणि सांगितलं, आपल्याकडच्या पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आणि बाईची ऐंशीच्या आत हवी. मग विचारलं, "कधी व्यायाम करत होतात का?"

हा प्रश्न मला टाळायचा होता.

सातारा जिल्ह्यात पळणं ही काही नवलाची गोष्ट नाही. इथली पोरं पहाटे अंधारात पळतात, कारण सैन्य आणि पोलीस हे आमच्याकडचे दोन मोठे दरवाजे. अपशिंग्यासारख्या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर याच जिल्ह्यातली. २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत ती उतरली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय बाई ऑलिम्पिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसली होती. दर पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन होते, तेव्हा रस्त्यावर नुसती डोकी दिसतात.

मीही त्या पहाटेच्या पोरांतलाच. तेविसाव्या वर्षी, एकसष्ट किलोचा असताना, मी पोलीस भरतीसाठी दोन वर्षं पळालो. आमच्या वेळी अंतर आजच्यापेक्षा जास्त होतं. दोन्ही वेळा थोडक्यात राहिलो. दुसऱ्या वेळी यादीत नाव नाही हे बघून घरी आलो, बूट धुतले, वाळवले आणि माळ्यावर टाकले. कुणावर राग नव्हता. माझ्यापेक्षा जोरात पळणारे होते, ते लागले. पण त्यानंतर मला पळणारा माणूस रस्त्यात दिसला तरी मी नजर दुसरीकडे वळवायचो. शाळेत कारकून म्हणून चिकटलो, खुर्चीत बसलो, ते चोवीस वर्षं बसलोच.

आता माझी मुलगी भरतीची तयारी करते. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं. आता मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीत वीस गुण या एका पळण्याला आहेत. ती पळायची, मी मैदानाच्या कडेला स्कूटरवर बसून मोबाईलवर वेळ लावायचो. चारशे मीटरची एक फेरी, अशा दोन. शेवटच्या दोनशे मीटरला तिचे पाय जड व्हायचे.

एके दिवशी ती म्हणाली, "अब्बा, शेवटच्या वळणापासून जरा माझ्याबरोबर पळा ना. बाजूला कुणी असलं की जोर येतो."

मी उठलो. ती वळणावर आली, मीही सुरू केलं. पन्नास-साठ पावलं गेलो असेन. छाती भात्यासारखी वाजायला लागली, डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी गुडघ्यांवर हात टेकून वाकलो. शेवटची रेषा दीडशे मीटरवर होती. ती पुढे गेली असती तर त्या दिवशी तिची वर्षातली चांगली वेळ लागली असती. ती थांबली. परत आली, माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "राहू द्या अब्बा, उद्या करते."

घरी जाताना स्कूटरवर आम्ही दोघं गप्प होतो. तिने घरात कुणाला काही सांगितलं नाही. मला मात्र रात्रभर एकच दिसत होतं, पुढची मोकळी धावपट्टी आणि माझ्यासाठी थांबलेली पोर. डॉक्टरांच्या कागदाने जे केलं नव्हतं ते त्या थांबण्याने केलं. आजारी बापासाठी अशी किती वेळा थांबेल ही पोर, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बूट काढले. तळवे निघून हातात आले. मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट घातले आणि पळालो. पळालो म्हणजे तेविसाव्या वर्षी पळायचो तसा, दोन फेऱ्या, जीव तोडून. तिसऱ्या दिवशी नडगीत अशी कळ आली की जिना उतरता येईना. दोन आठवडे खुर्चीवर पाय ठेवून बसलो. अम्मी दारातून म्हणाली, "कायकू भागता रे, पीछे कुत्ता लग्या क्या?"

इथे एक गोष्ट सांगतो, कारण पुन्हा सुरुवात करणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच पडतो. जो कधीच पळाला नाही तो भीतभीत सुरू करतो. जो पूर्वी पळालेला असतो, त्याचं डोकं जुन्या वेगाची आठवण ठेवून असतं आणि पाय आजचे असतात. दम तुलनेने लवकर येतो, काही आठवड्यांत फरक कळतो. पण हाडं, सांधे आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या यांना त्या ओझ्याची सवय व्हायला महिने लागतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात, दम आला असं वाटायला लागतं तेव्हाच माणूस वेग वाढवतो आणि नडगी, टाच किंवा गुडघा धरून बसतो. त्यात वजन ब्याण्णव. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार एका पायावर येतो. हा हिशेब तेविसाव्या वर्षी वेगळा होता.

मला मार्गावर आणलं ते मैदानावर पोरांना शिकवणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांनी. लंगडत चालताना त्यांनी मला बघितलं होतं. जवळ येऊन म्हणाले, "राव, तुमची भरती संपली. आता कोण मार्क देणार नाही. मग कुणासाठी जोरात पळताय?" चोवीस वर्षं मनात ठसठसणारी गोष्ट त्यांनी एका वाक्यात बाहेर काढली, त्यांना ठाऊकही नव्हतं.

त्यांचा नियम एकच, पळताना बोलता आलं पाहिजे. एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. मग तो वेग चालण्याएवढा कमी झाला तरी चालेल. त्यांनी आखून दिलेलं वेळापत्रक असं. आधी दोन आठवडे रोज अर्धा तास नुसतं भरभर चालायचं. मग आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून, एक मिनिट पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं. मग तीनला एक, मग पाचला एक. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा, पुढे जायचं नाही. सलग वीस मिनिटं पळता येईपर्यंत तीन महिने लागले तर लागू द्यायचे.

पळणं आणि चालणं असं आलटून पालटून करायची ही पद्धत जगभर चालते. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ती सामान्य माणसांपर्यंत पोचवली. मधल्या चालण्याची लाज वाटायचं कारण नाही, हे मला कळायला वेळ लागला. बाजूने भरतीची पोरं सुसाट जायची आणि मी घड्याळ बघून चालायला लागायचो. पहिले काही दिवस कुणी जवळून गेलं की मी मुद्दाम मोबाईल कानाला लावायचो, फोन आला म्हणून थांबलो असं वाटावं म्हणून. मग एक दिवस एका पोराने जाता जाता विचारलं, "काका, कितवा आठवडा?" त्या दिवसापासून मोबाईल खिशात राहिला.

बूट मात्र चांगले घेतले. दुकानदाराने अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवायला सांगितली, कारण पळताना पाय फुगतो आणि पुढे सरकतो. घरातला एवढा एकच खर्च, बाकी मैदान फुकट आहे.

आता वजनाचं. पहिल्या महिन्यात माझं वजन किती उतरलं? काहीच नाही. उलट पाचशे ग्रॅम वाढलं. मी सुभेदारांकडे तक्रार केली, ते म्हणाले, "ताट दाखवा." ताट बघितल्यावर हिशेब उलगडला.

माणूस एक किलोमीटर पळाला की साधारण त्याच्या वजनाएवढ्या कॅलरी खर्च होतात. ब्याण्णव किलोच्या माणसाच्या ब्याण्णवच्या आसपास. मी एका वेळी चार किलोमीटर जायचो, म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे. एक मोठा समोसा दोनशे-अडीचशे कॅलरी घेऊन येतो. घरी आल्यावर "आज पळालोय" म्हणून मी दोन समोसे आणि साखरेचा चहा घेत होतो. म्हणजे मैदानावर कमावलेलं मैदानाच्या गेटबाहेरच उडवत होतो. एक किलो चरबीत साधारण सात हजार सातशे कॅलरी असतात. आठवड्यात बारा किलोमीटर पळून, जेवणात काहीही न वाढवता, माझा एक किलो उतरायला सात आठवडे लागणार होते. नुसतं पळून झटपट बारीक होता येत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. वजन मुख्यतः ताटात उतरतं. पळण्याने ते उतरलेलं टिकतं आणि आतलं यंत्र सुधारतं.

त्या आतल्या यंत्राचं मोल मला काट्यापेक्षा जास्त वाटायला लागलं. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात आणि व्यायामानंतरही जवळजवळ दिवसभर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतात. म्हणून एक दिवस आड का होईना, खंड पडू द्यायचा नाही. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायचो. सुरुवातीला मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके होते, चार महिन्यांनी एकाहत्तर झाले. म्हणजे तेच काम हृदय कमी ठोक्यांत करत होतं. शाळेचा जिना चढून वर गेल्यावर वाक्य तुटेना. पट्ट्याचं भोक एकाने आत गेलं, तेव्हा काटा अजून नव्वदवरच होता.

ताटात मोठी क्रांती केली नाही, ती टिकत नाही. चहा दोन वेळा आणि बिनसाखरेचा. रात्रीचा भात बंद, एक भाकरी आणि आमटी-भाजी जास्त. तळलेलं आठवड्यातून एकदा. रविवारचं मटण सोडलं नाही, फक्त दुसरी वाटी सोडली.

लोक बोलले. मोहल्ल्यात एकाने विचारलं, "या वयात मैदानावर शोभतं का?" मी त्याला हदीसमधला एक प्रसंग सांगितला, जो आमच्याकडे लहानपणी ऐकलेला असतो आणि मोठेपणी विसरलेला. हजरत पैगंबर (स.) आणि त्यांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांनी प्रवासात पळण्याची शर्यत लावली होती. पहिल्या वेळी हजरत आयशा जिंकल्या. बऱ्याच काळाने पुन्हा शर्यत लागली, तेव्हा त्यांचं अंग भरलं होतं आणि त्या हरल्या. त्यांनी स्वतःच हे सांगितलंय, अंग भरलं होतं हेसुद्धा. चौदाशे वर्षांपूर्वीचं ते मोकळेपण ऐकून तो माणूस गप्प झाला. दुसऱ्या आठवड्यात मैदानावर चालायला आला.

मुलगी पळते यावरही कुणी कुणी बोललं. त्यांना मी हजची आठवण करून दिली. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये हाजी सात वेळा ये-जा करतात. ती आठवण कुणाची? तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत धावलेल्या हजरत हाजरा यांची. जगभरातले पुरुष आजही त्या वाटेच्या एका टप्प्यावर पळतात, ते एका आईच्या धावण्यामागून. आणि आपल्या जिल्ह्यातूनच माउलींची पालखी जाते, तेव्हा तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. घोडा धावतो आणि साठी-सत्तरीचे वारकरी उड्या मारत नाचतात. तिथे कुणी वय विचारत नाही.

आता यंदाच्या रमजानकडे येतो. दहा महिने पळून झाले होते आणि मला भीती वाटत होती ती या महिन्याची. पुन्हा तीन किलो वाढले तर? आणि बंद पडलं तर पुन्हा सुरू होईल का? एकदा बंद पडलं होतं ते चोवीस वर्षं.

डॉक्टरांशी आधीच बोलून घेतलं. मला अजून गोळ्या नाहीत, म्हणून परवानगी सोपी होती. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र रोजा आणि व्यायाम दोन्ही डॉक्टरांना विचारूनच करावेत, उपाशी पोटी साखर एकदम खाली जाऊ शकते. आजारी आणि प्रवासी यांना धर्मानेच सूट दिलेली आहे, ते रोजे नंतर पूर्ण करता येतात. २०१२ चं लंडन ऑलिम्पिक रमजानमध्येच आलं होतं, तेव्हा कितीतरी मुस्लिम खेळाडूंनी रोजे पुढे ढकलले. उलट अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये हकीम ओलाजुवान रोजा ठेवून खेळायचे आणि १९९५ च्या फेब्रुवारीत, ऐन रमजानमध्ये, ते महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. दोन्ही वाटा आहेत. आपण ओलाजुवान नाही, एवढं लक्षात ठेवावं.

माझी पद्धत अशी. पळायची वेळ इफ्तारच्या आधीचा पाऊण तास. ऊन उतरलेलं असतं आणि संपलं की लगेच पाणी मिळतं. सकाळी पळालो तर पुढचे बारा तास तहानेत काढावे लागतील. अंतर निम्म्याहून कमी केलं, चार फेऱ्या, म्हणजे सोळाशे मीटर, बाकी चालणं. वेग बोलण्याचा. या महिन्यात काही मिळवायचं नाही, फक्त हातचं घालवायचं नाही. चक्कर आली, घाम एकदम थांबला, छातीत किंवा जबड्यात दुखलं, तर थांबायचं. जीव धोक्यात असेल तर रोजा सोडायला मुभा आहे, हट्ट करायला नाही.

इफ्तारला तीन खजूर, पाणी, एक फळ. मग नमाज. मग सरळ जेवण. भजी घरात होतात, पण शुक्रवारी. पाणी इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं थोडं, एकदम घटाघटा नाही. सहरीला ज्वारीची भाकरी, दोन अंडी, दही. पांढरा पाव आणि चहा घेऊन बसलो की दहा वाजताच पोटात कावळे ओरडतात, भाकरी दुपारपर्यंत साथ देते. आणि सहरीनंतर झोपण्याआधी पंधरा मिनिटं मोहल्ल्यातून चालणं. अम्मी आता दारातून वेगळंच विचारते, "आज भाग्या क्या नै?"

अर्धा रमजान झाला आहे. वजन चौऱ्याऐंशी, वाढलेलं नाही. रमजानच्या आधी तपासलेला तो आकडा ५.८ आहे. म्हणजे उंबरठ्यावरच आहे, पण तोंड बाहेरच्या बाजूला आहे.

गेल्या मंगळवारी मी माझ्या चार फेऱ्या संपवून कडेला चालत होतो. मुलगीही रोज्यात होती, तिने फक्त एकदा आठशे मीटर पळायचं ठरवलं होतं, तेही हातचं राखून. वेळ सुभेदार लावत होते. ती दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर आली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, बोलावलंही नाही. मी आपला निघालो.

पन्नास पावलं झाली, साठ झाली. छाती वाजली नाही. शंभर मीटरपर्यंत मी तिच्या खांद्याला खांदा लावून होतो. मग तिने मान थोडी वळवून बघितलं, मी उभा आहे की पडलो याची खात्री केली आणि वेग वाढवून निघून गेली. मी मागे राहिलो, दहा मीटर, वीस मीटर, तीस. शेवटच्या रेषेवर पोचलो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती. या वेळी ती माझ्यासाठी थांबली नव्हती.

सुभेदारांनी तिला वेळ सांगितली. अजून सहा सेकंद कमी करायला हवेत. "ईदनंतर बघू," ती म्हणाली. मग त्यांनी माझ्याकडे बघून घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून कठड्यावर ठेवली. झाकण उघडलं नाही. अजान व्हायला अकरा मिनिटं होती, ते त्यांना ठाऊक होतं.

वाचकांपैकी ज्यांचे बूट माळ्यावर आहेत, त्यांनी ते यंदा काढावेत. तळवे निघाले असतील तर नवे घ्यावेत. आणि पहिल्या दिवशी फक्त चालावं.